विशीत केस विरळ होताना: सातारा-सांगलीतल्या समलिंगी मुलांसाठी औषधं, पॅच, वस्तरा आणि घरचे प्रश्न

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९.१०

केस गळण्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं जातं, पण बहुतेक सगळं 'लग्नाआधी केस परत आणा' याच सुरात. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते लग्न करायचंच नाही. शिवाय आपल्या बाबतीत एकदोन तपासण्या आणि औषधांच्या एकदोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. ज्याला जे नक्की माहीत आहे ते त्याने नेमकं लिहावं. स्वतःची कहाणी नको, माहिती हवी.

सुरुवात मी करतो. पुरुषांचं नेहमीचं टक्कल म्हणजे केस 'पडणं' नाही, केस बारीक होत जाणं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांची केशमुळं जन्मतः त्याला संवेदनशील असतात, त्यांच्या दोन्ही कानशिलांवरचे आणि भोवऱ्याजवळचे केस प्रत्येक चक्रात थोडे बारीक आणि आखूड उगवतात. शेवटी नुसती लव राहते. मागचे आणि कानांवरचे केस टिकतात, कारण तिथल्या मुळांवर डीएचटीचा तसा परिणाम होत नाही. हॅमिल्टन या संशोधकाने १९५१ मध्ये याच्या पायऱ्या मांडल्या, नॉरवुड या डॉक्टरने १९७५ मध्ये त्या सुधारल्या. डॉक्टर 'ग्रेड ३' म्हणतात ते त्यावरूनच.

दिवसाला ५० ते १०० केस गळणं सगळ्यांचंच असतं. त्यामुळे न्हाणीघराच्या जाळीवरचे केस मोजत बसू नका. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचे चार फोटो काढा: समोरून, दोन्ही कानशिलं आणि वरून भोवरा. तीन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की खरं काय ते कळतं.

आणि बोअरच्या पाण्याबद्दल. वाळवा-मिरज पट्ट्यात जड पाणी आहे, त्याने केस राठ होतात, तुटतात, साबणाला फेस येत नाही. पण कानशिलं मागे सरकतात ती पाण्यामुळे नव्हे. हेल्मेटमुळेही नव्हे.

औषधपेटी | रविवार, रात्री १०.०२

चांगलं केलंत. वरच्या चित्रात न बसणारी गळती आधी बाजूला काढायला हवी, नाहीतर वर्षभर भलतंच औषध लावलं जातं.

डेंगी, टायफॉइड, मोठा ताप किंवा झटपट वजन उतरवणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्याचे केस एकदम गळतात. ते आपोआप थांबतं, साधारण सहा महिन्यांत. गोल, गुळगुळीत चकती पडली तर ती चाई. तिचा उपचार वेगळा. खवले, खाज आणि तुटलेले केस असतील तर बुरशी.

आता आपल्यासाठी महत्त्वाचं. कसर लागलेल्या लोकरीसारखे छोटे-छोटे विरळ ठिपके, विशेषतः डोक्याच्या मागे आणि कानांमागे, कधी भुवईचा बाहेरचा टोकाकडचा भागही विरळ: हे दुसऱ्या टप्प्यातल्या सिफिलिसचं लक्षण असू शकतं. सोबत तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग असतील तर थांबूच नका. व्हीडीआरएल आणि टीपीएचए या दोन साध्या रक्ततपासण्या आहेत. उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन, सुरुवातीच्या टप्प्यात एकदाच. केस काही महिन्यांत पूर्ण परत येतात. पुरुषांशी संबंध असलेल्या प्रत्येकाने केसांच्या तपासण्यांत या दोन आणि एचआयव्हीची घालून घ्यावी. जोडीदारालाही तपासायला सांगावं.

बाकी तपासण्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठलेलं लोह), टीएसएच (थायरॉइड), बी१२, ड जीवनसत्त्व. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद करा. थायरॉइडचे आकडे त्याने चुकीचे येतात.

पोवईनाका | रविवार, रात्री १०.३०

हे सगळं आपल्या गावात कसं करायचं? लॅबवाला ओळखीचा, त्वचेच्या डॉक्टरांकडे काका जातात. डॉक्टरांना 'तसं' सांगावं लागतं का?

औषधपेटी | रविवार, रात्री १०.५५

नेहमीच्या टकलासाठी काहीही सांगावं लागत नाही. वर लिहिलेले ठिपके किंवा डाग असतील तर मात्र 'पुरुषांशी संबंध आहेत, सिफिलिस आणि एचआयव्ही तपासायचं आहे' हे एक वाक्य सांगा. त्याने डॉक्टरचा आणि तुमचा महिनाभराचा वेळ वाचतो.

जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं आणि एचआयव्हीचं समुपदेशन-तपासणी केंद्र असतं. तपासणी मोफत. साताऱ्यात जिल्हा रुग्णालय, सांगलीत सिव्हिल, मिरजेत शासकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, कायद्यातले मोजके अपवाद सोडता, तुमच्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. १०९७ वर फोन करून जवळचं केंद्र विचारता येतं. तरीही अवघड वाटत असेल तर सांगलीकरांना कोल्हापूर आणि सातारकरांना पुणे आहेच. तिथे जाण्यात कमीपणा काही नाही.

माहुलीकर | सोमवार, सकाळी ८.१५

मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढायला डोक्याला लावायचं औषध, ते कसं लावायचं हे कुणीतरी नीट लिहा. बरेच जण ते केसांना लावतात.

औषधपेटी | सोमवार, सकाळी ९.४०

बरोबर पकडलंत. ते केसांचं नाही, कातडीचं औषध आहे.

५ टक्क्यांचं द्रावण, एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. म्हणजे ६० मिलीची बाटली बरोबर ३० दिवस पुरायला हवी. दोन महिने पुरली तर तुम्ही निम्मंच लावताय. डोकं कोरडं हवं आणि तेल नको. आई सकाळी खोबरेल थापत असेल तर तेल आठवड्यातून एकदाच, रात्री, आणि सकाळी धुऊन मग औषध. भांग पाडा, ड्रॉपरने कातडीवर थेंब सोडा, बोटाच्या टोकाने पसरा, हात साबणाने धुवा. चार तास डोकं भिजवायचं नाही. रात्रीचं औषध झोपण्याआधी दोन तास लावा, नाहीतर अर्धं उशीला जातं आणि तिथून गालावर येऊन लव वाढते.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते. निम्मे लोक इथेच सोडतात. जुने, विश्रांतीत गेलेले केस नव्यांना जागा करून देत असतात, ते तेवढ्यापुरतं असतं. चार महिन्यांआधी निकाल मागू नका, खरा निर्णय बाराव्या महिन्यात. बंद केलं की तीन-चार महिन्यांत मिळवलेलं जातं.

खाज आणि कोंडा झाला तर तो बहुधा द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे. त्यावर फोम मिळतो, त्यात ते नसतं. छातीत धडधड, पाय सुजणं, चक्कर: बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. घरात मांजर असेल तर फार जपा. मांजराने उशी किंवा डोकं चाटलं तरी तिच्या जिवावर बेतू शकतं.

हल्ली मिनॉक्सिडिलची कमी मात्रेची गोळीही देतात. हे मुळात रक्तदाबाचं औषध आहे. म्हणून स्पष्ट लिहितो: गोळी चालू असताना पॉपर्स (संबंधांच्या वेळी हुंगतात ती नायट्राइटची बाटली) अजिबात नकोत, आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तदाब एकदम कोसळू शकतो. पॉपर्स आणि सिल्डेनाफिल एकत्र तर केसांचं औषध नसतानाही जीवघेणं आहे.

शांतघाट | सोमवार, दुपारी १.२०

फिनास्टेराइडबद्दल, म्हणजे डीएचटी कमी करणाऱ्या गोळीबद्दल मी लिहितो, कारण त्यावर दोन्ही टोकांचं ऐकायला मिळतं.

१ मिलिग्रॅम, रोज एक. रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्के कमी होतं. टक्कल थांबवण्यात ते मिनॉक्सिडिलपेक्षा भक्कम आहे, कारण ते कारणावर काम करतं. केसांसाठी अमेरिकेत मान्यता १९९७ ची.

भीती असते ती लैंगिक दुष्परिणामांची. मान्यतेआधीच्या चाचण्यांत वर्षभरात असा काहीतरी त्रास झालेले ३.८ टक्के होते, आणि तुलनेसाठी औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांतही २.१ टक्के होते. इटलीत २००७ मध्ये प्रोस्टेटच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. ज्यांना हे दुष्परिणाम आधी सांगितले त्यांच्यात तक्रारी ४३.६ टक्के, ज्यांना सांगितलं नाही त्यांच्यात १५.३. धास्तीचाही वाटा असतो, एवढा याचा अर्थ. पण सगळं मनाचं असतं असा अर्थ काढू नका. काही जणांना इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य पातळ आणि कमी होणं हे खरोखर होतं. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर जातं, काहींनी ते नंतरही टिकल्याचं कळवलेलं आहे.

दुसरी गोष्ट मनाची. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. आपल्यात घरी लपवण्याचा ताण आधीच असतो. पूर्वी नैराश्याचा उपचार झाला असेल, किंवा सध्या झोप-भूक उडाली असेल, तर ही गोळी आधी नको. मनोविकारतज्ज्ञांशी बोलून मगच. गोळी चालू असताना मन खचायला लागलं तर त्याच दिवशी बंद करा, वाट बघू नका. टेलिमानस १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

अजिंक्य७७ | सोमवार, दुपारी २.०५

मेडिकलवाले ५ मिलिग्रॅमची गोळी चार तुकडे करून घ्या म्हणतात. स्वस्त पडते. चालतं?

शांतघाट | सोमवार, दुपारी २.४०

मात्रेच्या हिशोबाने चालतं. एकत्र कुटुंबात चालत नाही. वहिनी किंवा बहीण गरोदर असेल आणि पोटात मुलगा असेल, तर या गोळीच्या चुऱ्याने त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. अख्ख्या गोळीवर वेष्टन असतं, तुटलेल्यावर नसतं. १ मिलिग्रॅमचीच घ्या.

बाजारात मिनॉक्सिडिलमध्येच ०.१ टक्के फिनास्टेराइड मिसळलेलं द्रावणही मिळतं. त्याचाही थोडा अंश रक्तात जातो, त्यामुळे 'हे वरून लावायचं, काही होत नाही' हे ऐकू नका. आणि कुणाचे एचआयव्हीचे उपचार चालू असतील तर एआरटी केंद्रात ही गोळी सांगून ठेवा. रिटोनाव्हिर असलेल्या औषधांमुळे फिनास्टेराइड शरीरात जास्त वेळ राहतं.

हळदपेठ | सोमवार, सायंकाळी ७.३०

जिमबद्दल एक. अंग कमावण्याचा दबाव आपल्या मुलांवर फार आहे, डेटिंग ॲपवरचे फोटो बघून तो वाढतो. मग कुणीतरी 'कोर्स' सुचवतो. टेस्टोस्टेरॉनची आणि इतर स्टेरॉइडची इंजेक्शनं ज्याच्या घराण्यात टक्कल आहे त्याचं काम सहा महिन्यांत उरकतात. काही स्टेरॉइड थेट डीएचटीच्या घराण्यातली असतात, त्यांच्यावर फिनास्टेराइडचा उपयोगच नाही. केस वाचवायचे असतील तर हे पहिलं बंद.

डर्मारोलर, म्हणजे बारीक सुयांचा रोलर, त्यावरही लिहितो. २०१३ मध्ये मुंबईतला अभ्यास आहे: १.५ मिमीचा रोलर आठवड्यातून एकदा आणि मिनॉक्सिडिल, १२ आठवडे. नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा केस बरेच जास्त आले. पण रोलर फिरवल्यावर २४ तास मिनॉक्सिडिल लावायचं नाही, हे विसरलं जातं आणि डोक्याची आग होते. १.५ मिमी डॉक्टरकडेच बरा. आणि रोलर, वस्तरा, ट्रिमर जोडीदाराबरोबर वाटून वापरायचे नाहीत, कितीही विश्वास असला तरी. हिपॅटायटिस बी वाळलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो. त्याची लस घेतली नसेल तर घ्या: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी.

कांद्याचा रस चाईवर तपासला गेला होता, या टकलावर नाही. माका, जास्वंद यांनी केस मऊ होतात, मुळं जागी होत नाहीत.

कात्री_वस्तरा | सोमवार, रात्री ९.००

औषधं बाजूला ठेवून आता डोकं कसं दिसतं त्याकडे येऊ. औषधाला वर्ष लागतं, कटिंग आज करता येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विरळ जागा झाकायला वरचे केस लांब ठेवणं. लांब केस ओझ्याने चपटे बसतात आणि फटी उघड्या पडतात. वर दीड-दोन इंच, बाजूला २ नंबर, कानाजवळ १. बाजू जितकी बारीक, तितका वरचा भाग दाट वाटतो. जेल नको, ते केसांचे पुंजके करतं. मॅट क्ले वाटाण्याएवढा, तळहातावर चोळून, कोरड्या केसांना.

विरळ जागा झाकणारी फायबरची पूड पूर्ण कोरड्या केसांवरच, औषध वाळल्यावर. थोडी शिंपडा, बोटांनी थोपटा, वरून स्प्रे. घरच्या समारंभाला ठीक. महाबळेश्वर-कासच्या पावसात किंवा एप्रिलच्या सांगलीत मात्र ती कपाळावरून ओघळते, म्हणून खिशात काळा रुमाल असू द्या.

पूर्ण उतरवायचं ठरवलं तर एकदम वस्तरा नको. आपल्याकडे तुळतुळीत डोकं पाहिलं की माणसं आधी घाबरून विचारतात, 'घरी काही झालं का?' वडील गेल्यावरच मुलगा डोकं करतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. आईला तर ते बघवत नाही. म्हणून पायऱ्यांनी उतरा: पहिल्या आठवड्यात ३ नंबर, म्हणजे साधारण १० मिमी, मग २ म्हणजे ६, मग १ म्हणजे ३. एका महिन्यात सगळ्यांच्या नजरेला सवय होते. १ नंबरवर थांबलात तरी चालतं, विरळ आणि दाट यातला फरक तिथे जवळजवळ मिटतो. दाढी पाच-सात मिमी ठेवली की ते 'मुंडण' न दिसता कट दिसतो. आईला आधी सांगून करा, हे मनापासून सांगतो.

दर आठ-दहा दिवसांनी मशीन फिरवावं लागतं, म्हणून स्वतःचा ट्रिमर घ्या. उघड्या डोक्याला ऊन लागतं, सनस्क्रीन ३० एसपीएफच्या वरचं, किंवा टोपी. साताऱ्याच्या थंडीत कानटोपी लागेलच.

अजिंक्य७७ | सोमवार, रात्री ९.२५

पॅच, म्हणजे डोक्यावर चिकटवायचा केसांचा तुकडा, तो लावणाऱ्यांचं काय? गावात दोन-तीन सलून आता 'विना ऑपरेशन केस' म्हणून बोर्ड लावतात.

कात्री_वस्तरा | सोमवार, रात्री १०.१०

पॅच वाईट नाही, पण त्याला नोकरीसारखा वेळ द्यावा लागतो. लेसचा, म्हणजे पातळ जाळीचा पॅच हवेशीर, पुढची रेघ खरी दिसते, पण तीन-चार महिन्यांत फाटतो. मोनोचा, म्हणजे मोनोफिलामेंटच्या कापडाचा जाड, टिकतो जास्त, आपल्या घामाला तापतो. क्लिपवाला उरलेल्या केसांना ओढतो आणि ती जागाही मोकळी करतो, तो रोजच्यासाठी घेऊ नका.

टेप किंवा गोंद आधी कानामागे लावून ४८ तास बघा. लाल झालं तर तो गोंद नको. चिकटवण्याआधी कातडी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवायची, तेलाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी कडा उचलते. खोबरेल हा गोंदाचा शत्रू. काढताना रिमूव्हर मारून पाच मिनिटं थांबायचं, ओढायचं नाही. दर तीन आठवड्यांनी काढून डोकं धुवायचं. पॅचखाली मिनॉक्सिडिल लावता येत नाही, म्हणजे पॅच घेतला की औषधाचा रस्ता बहुधा बंद.

फेटा बांधताना बांधणाऱ्याला सांगा की पुढून मागे ओढू नको. हेल्मेट काढताना सरळ वर उचला. आणि जवळीक होण्याआधी त्या माणसाला सांगून टाका, 'पॅच आहे, केसांत हात जपून.' एक वाक्य आहे. ते न सांगता रात्रभर मान आखडून बसणं जास्त त्रासाचं.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७.५०

आता घरचा प्रश्न, कारण अर्धे लोक तिथेच अडकतात. 'केस आहेत तोवर स्थळं बघून घेऊ' किंवा 'लग्नाआधी केस लावून घे, पैसे आम्ही देतो.'

दोन गोष्टी. लग्न टाळायला केसांचं कारण पुढे करू नका. केस हा घरच्यांच्या दृष्टीने सुटणारा प्रश्न आहे. ते तो पैसे देऊन सोडवतील आणि मग तुमच्याकडे कारणही उरणार नाही. आणि स्थळासाठी म्हणून दिलेल्या पैशाने प्रत्यारोपण करून घेऊ नका. ते पैसे पुढे प्रत्येक बैठकीत परत मागितले जातात. वेळ हवा असेल तर खरं वैद्यकीय उत्तर आहे, तेच द्या: 'डॉक्टर म्हणाले इतक्या लवकर ऑपरेशन नको, आधी वर्षभर औषध.' हे खोटं नाही. घरी समलिंगी असल्याचं सांगायचं की नाही हा वेगळा, मोठा निर्णय आहे. तो केसांच्या भांडणात, रागात सांगून टाकू नका.

औषधपेटी | मंगळवार, सकाळी ९.३०

त्या 'लवकर नको'मागचं कारण लिहितो. बाविसाव्या वर्षी पुढची रेघ भरली आणि औषध घेतलं नाही, तर तिच्यामागचे मूळचे केस जातच राहतात. तिशीत पुढे एक पट्टी आणि मागे मैदान असं दिसतं. डोक्याच्या मागून आयुष्यभरात साधारण ५ ते ६ हजार ग्राफ्ट (मुळासकट काढलेले एक-दोन-तीन केसांचे पुंजके) निघतात, त्यापलीकडे मागची बाजूच विरळ दिसते. ती ठेव विशीतच पुढच्या रेघेवर उडवायची नाही.

करायचंच असेल तेव्हा विचारा: छेद आणि टोचणी कोण करणार, डॉक्टर की तंत्रज्ञ? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की हे नोंदणीकृत, प्रशिक्षित डॉक्टरचंच काम आहे आणि यूट्यूब किंवा कार्यशाळा बघून ते शिकता येत नाही. भूल देताना रक्तदाब आणि ऑक्सिजन बघणारं यंत्र आहे का? एका दिवसात ५ हजार ग्राफ्टचं पॅकेज विकत असतील तर उठून या. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवतात, पूर्ण रूप वर्षाने. पहिले दोन आठवडे हेल्मेट नाही, म्हणजे दुचाकीही नाही. त्या हिशोबाने सुट्टी घ्या.

पोवईनाका | मंगळवार, दुपारी १२.१०

ॲपवर फोटो कुठला ठेवायचा? सगळे टोपीतले ठेवतात.

हळदपेठ | मंगळवार, दुपारी १२.४५

टोपीतला एक चालेल, सगळे नकोत. निदान एक तरी गेल्या तीन महिन्यांतला, उघड्या डोक्याचा ठेवा. भेटल्यावर समोरच्याच्या नजरेत होणारा बदल सगळ्यात जास्त लागतो, आणि तो टाळणं आपल्या हातात आहे. डोक्यावर थेट बल्ब असेल तर दाट केसांतूनही कातडी चमकते. दिवसा खिडकीकडे तोंड करून, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली धरा. केस वाढवणारा फिल्टर नको. चेहरा दाखवायचा नसेल, आणि आपल्या गावात तो न दाखवण्याची कारणं खरी असतात, तर संदेशातच लिहा, 'केस विरळ आहेत, बारीक ठेवतो.' ज्यांना दाढी आणि बारीक डोकं आवडतं असे पुष्कळ जण आहेत, बेअर म्हणवणाऱ्या, म्हणजे धिप्पाड, दाढीवाल्या, केसाळ समलिंगी पुरुषांचा तर वेगळा मोठा गट आहे. त्यांना तुम्ही टोपीखाली सापडत नाही.

माहुलीकर | मंगळवार, दुपारी १.३०

बाटली घरात कुठे ठेवायची यावर कुणी लिहिलं नाही. फ्रिजमध्ये ठेवायची नाही, गरजही नाही. ३० अंशांखाली, उन्हापासून लांब, म्हणजे पत्र्याच्या खोलीतल्या खिडकीत नको. लहान मुलांच्या आणि मांजराच्या हाताबाहेर, झाकण घट्ट. द्रावणात अल्कोहोल असतं, पेट घेतं, त्यामुळे देवघराच्या किंवा गॅसच्या जवळही नको.